बेणारे करायची असेल तर सुलभा देशपांडे कशा पाहाव्यात

एका मुलीचा प्रश्न आला आहे. तिची संस्था राज्य नाट्य स्पर्धेत विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक करते आहे आणि त्यातली बेणारे ही मुख्य भूमिका तिच्या वाट्याला आली आहे. (हौशी नाटकमंडळी गंमत म्हणून खोटा खटला उभारतात, शिक्षिका असलेल्या बेणारेला आरोपी करतात आणि खेळता खेळता तिच्या खऱ्या आयुष्याचाच खटला होतो, असं हे नाटक.) तिने विचारलंय: "ताई, ही भूमिका सुलभा देशपांडे यांनी गाजवली असं सगळे सांगतात. म्हणून त्यांचं काम शोधलं, तर सिनेमात आई, सासू अशाच लहान भूमिका सापडल्या. एवढी मोठी नटी सिनेमात मागे का पडली? मी त्यांच्याकडून बेणारेसाठी नेमकं काय घेऊ? आणि त्यांच्यासारखं नोकरी सांभाळून नाटक जमतं का?"

आधी पहिला प्रश्न, कारण तो थोडा वाकडा पडलाय. 'मागे का पडली' हे तू सिनेमाच्या यादीवरून ठरवलंस. सुलभाताईंचं निम्म्याहून अधिक काम अशा ठिकाणी झालंय की त्याची यादीच होत नाही. शाळेचा हॉल, मुलांच्या तालमी, दुसऱ्याच्या नाटकाला जागा मिळवून देणं, ह्याचं श्रेय पडद्यावर सरकत नाही. सिनेमात त्या 'मागे' नव्हत्या. सिनेमा त्यांच्या कामाचा एक कोपरा होता, आणि त्या कोपऱ्यातही त्यांनी काय केलंय ते पुढे सांगते.

जन्म 1937 चा, मुंबईचा. माहेरचं नाव कामेरकर. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांसाठी नाटक बसवायचं काम अंगावर आलं, तेव्हा त्या संहिता मागायला विजय तेंडुलकरांकडे गेल्या. हा तपशील लोक गंमत म्हणून सांगतात, मला तो सगळ्या कारकिर्दीची किल्ली वाटतो. शाळेतलं स्नेहसंमेलन म्हटलं की आपल्याकडे कोणीतरी जुनं वहीतलं नाटुकलं काढतं, मुलांना दाढीमिश्या लावतं आणि मोकळं होतं. ह्या बाईंनी मुलांसाठीही चांगल्या लेखकाचं दार ठोठावलं. मुलांचं नाटक आणि मोठ्यांचं नाटक ह्यात त्यांनी उच्च-नीच मानलं नाही आणि शेवटपर्यंत त्यात बदल झाला नाही.

1960 च्या सुमारास 'रंगायन' ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी राहिली. विजया मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि सुलभाताई ही त्यातली मुख्य माणसं. अरविंद देशपांडे म्हणजे सुलभाताईंचे यजमान, नट आणि दिग्दर्शक. 'रंगायन'चं वैशिष्ट्य असं की तिथे नटाला नव्या संहितेची सवय लागली. ठरलेली टाळी, ठरलेला हशा, पदाला वन्समोअर ह्या हिशेबावर बसवलेली नाटकं तिथे नव्हती. लेखक तालमीला समोर बसलेला असायचा आणि वाक्य खाली पडलं तर ते नटाचं पडलं की लेखकाचं, यावर वाद व्हायचा. अशा ठिकाणी घडलेल्या नटाला संहिता वाचता येते. आज तुमच्या पिढीला क्लिप पाहून भूमिका बसवायची सवय लागलीये, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता 'शांतता'. 1967 च्या डिसेंबरात हे नाटक 'रंगायन'ने राज्य नाट्य स्पर्धेसाठी केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं. म्हणजे तुझी संस्था ज्या स्पर्धेत उतरते आहे, तिथलंच हे अपत्य. बीज पार्ल्यातलं. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींची तेंडुलकरांशी गाठ पडली, त्यांनी जागेचा पत्ता विचारला, आणि त्यांच्या बोलण्यातून हे नाटक सुचलं. तिसऱ्या अंकातलं बेणारेचं लांबलचक स्वगत लिहायला तेंडुलकर फारसे राजी नव्हते, दिग्दर्शकाने हट्ट धरला म्हणून ते लिहिलं गेलं, अशी हकीगत नाटकवाल्यांत सांगितली जाते. ती खरी धरली तर तुझ्या दृष्टीने तिचा अर्थ मोठा आहे. लेखकाच्या मनात बेणारे मुळात गप्प राहणारी होती. स्वगत म्हणताना हे डोक्यात ठेव.

ह्या स्वगताचं आपल्या स्पर्धांतून फार वाईट होतं. परीक्षक म्हणून बसले की मला ते हमखास ऐकावं लागतं. एकपात्री स्पर्धेत, नाट्यशाळेच्या प्रवेश परीक्षेत, ऑडिशनला. मुलगी येते, पहिल्याच वाक्याला आवाज टिपेला नेते, तिसऱ्या वाक्याला रडते आणि शेवटपर्यंत रडतच राहते. परीक्षकाला ती किती रडू शकते एवढंच कळतं.

संहिता पुन्हा उघड. कोर्टाने तिला बोलायला दहा सेकंद दिली आहेत. ती उभी राहते आणि रंगमंचावरचे बाकी सगळे आहेत त्या जागी थिजतात. म्हणजे ती जे बोलते ते न्यायाधीश झालेला काशीकर ऐकत नाही, वकील झालेला सुखात्मे ऐकत नाही, साक्षीदार पोंक्षे ऐकत नाही. ऐकतो फक्त प्रेक्षक. स्वगत संपतं, मंडळी हलायला लागतात, आणि कोर्टाच्या हिशेबी आरोपीने दहा सेकंदांत एक अक्षरही काढलेलं नसतं. मग हे भाषण कोणाला पटवण्यासाठी आहे? कोणालाच नाही. समोर न्यायाधीश ऐकतोय असं समजून केलेलं स्वगत बचावाचं भाषण होतं आणि तिथेच चुकतं.

दुसरं, बेणारे मास्तरीण आहे. नाटकाच्या सुरुवातीला ती सामंत ह्या गावातल्या साध्या माणसासमोर बागडते, सोबतच्या एकेकाच्या नकला करते, वर्गातल्या मुलांबद्दल बोलते. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायला सरावलेला आहे, ओरडून नव्हे, अक्षर स्वच्छ उच्चारून. स्वगतातही ती अधूनमधून वर्गात परत जाते. स्वतः आतून मोडत असताना मुलांना आशा शिकवली, हे ती सांगते ते शिक्षिकेच्याच सुरात येतं. सुलभाताई स्वतः शाळेत शिकवत होत्या, हा योगायोग म्हणून सोडून देऊ नकोस. वर्गावर उभं राहणारी बाई डोळ्यांनी कशी बोलते, एक शब्द दोनदा कधी म्हणते, गप्प बसवण्यासाठी आवाज चढवण्याऐवजी कसा उतरवते, हे त्यांना कुठून शोधून आणावं लागलं नसणार.

म्हणून तुला पहिलं काम देते. स्वगत बाजूला ठेव आणि पहिल्या अंकाच्या तालमी कर. दाराच्या कडीत बोट चेमटतं तिथपासून. ते बोट चोखत, हसत ती आत येते. पुढे खटला अंगावर यायला लागतो तेव्हा ती निघून जायला दाराशी जाते आणि तीच कडी बाहेरून अडकलेली असते. पहिल्या अंकात बोट खरंच दुखलं असेल, त्याकडे तू मजेमजेत दुर्लक्ष केलं असशील, तर दाराशी गेल्यावर तुला काहीही 'करून दाखवावं' लागणार नाही. प्रेक्षकाला कडी आठवते. पहिल्या अंकात बेणारे जितकी मोकळी, टवाळ आणि थोडी आगाऊ, तितकं तिसऱ्या अंकात तुझं काम कमी. उलट तू पहिल्यापासून दुःखाची पाटी गळ्यात अडकवून वावरलीस तर काशीकर मंडळींना सोलायला काही उरत नाही.

1971 मध्ये सत्यदेव दुबे यांनी ह्या नाटकावर सिनेमा केला आणि बेणारे सुलभाताईंनीच केली. मिळाला तर जरूर बघ, पण तालमी अर्ध्यावर आल्यानंतर. आधी पाहिलास तर त्यांचे पॉज तुझ्या तोंडात बसतील. आणि पाहताना एक गोष्ट तपास: रंगमंचावर हजार माणसांपुढे जे पात्र उभं राहिलं, ते कॅमेऱ्यापुढे आणताना त्यांनी काय गाळलं असेल. नटाचं शिक्षण त्या गाळण्यात असतं.

त्याच वर्षी, 1971 मध्येच, अरविंद देशपांडे, सुलभाताई, अरुण काकडे ह्या मंडळींनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था काढली. पहिलं नाटक गिरीश कर्नाडांचं 'तुघलक', तेंडुलकरांच्या मराठी अनुवादात. नंतर 1974 च्या आसपास दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल प्रयोगासाठी मिळाला आणि पुढे दीडेक दशक तिथे जे चाललं त्याला आपण 'छबिलदास चळवळ' म्हणतो. व्यावसायिक नाटकांचं शिवाजी मंदिर नाट्यगृह तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. एकीकडे हाऊसफुल्लचे बोर्ड, दुसरीकडे शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून नवीन नाटक. मुंबईतले आणि बाहेरचेही कितीतरी लेखक-दिग्दर्शक तिथे उभे राहिले. हॉल दुसऱ्या संस्थांनाही खुला होता, ही मला 'आविष्कार'ची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आपल्याकडे जागा मिळाली की आधी कुलूप येतं.

त्या हॉलचा अभिनयावर काय परिणाम झाला, यावर फारसं बोललं जात नाही, म्हणून इथे जरा थांबते. व्यावसायिक रंगमंचावर पहिली रांग आणि नट ह्यांच्यात अंतर असतं, वर दिव्यांची भिंत असते. शेवटच्या रांगेसाठी नटाला सगळं थोडं मोठं करावं लागतं: भुवई, हात, वळणं, वाक्याचा शेवट. छबिलदाससारख्या हॉलमध्ये प्रेक्षक हाताच्या अंतरावर. विंगा जेमतेम, माइक नाही, बाहेर दादरचा कलकलाट. तिथे मोठं केलेलं सगळं खोटं दिसतं. आणि लहान केलेलं बाहेरच्या गोंगाटात ऐकू येत नाही! मग नटाला एक तिसरीच वाट काढावी लागते. आवाज पोचेल इतका भरीव, पण चेहरा आणि अंग नेहमीच्या मापाचं. श्वास भरपूर, हालचाल बेताची. आजही शाळेच्या हॉलात प्रयोग केलास की तुला हे तिसऱ्या मिनिटाला कळेल.

सत्तरच्या दशकात समांतर सिनेमावाले नट शोधायला निघाले तेव्हा त्यांना अशीच माणसं लागत होती. म्हणून तिथे मराठी प्रायोगिक रंगभूमीवरचे इतके चेहरे दिसतात. सुलभाताई 'भूमिका'त आहेत, 'जैत रे जैत'मध्ये आहेत, 'अरविंद देसाई की अजीब दास्तान', 'गमन', 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' ह्यांत आहेत. भूमिका लहान, हे खरं. पण लहान भूमिकेत दिग्दर्शक त्यांच्याकडून काय काढून घेत होते ते बघ.

श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' 1977 चा. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेला. स्मिता पाटील उषा, आणि सुलभाताई तिची आई, शांता. घर गाण्यातलं. आजी नातीला गाणं शिकवते, आईला ते नको आहे. ही आई पटकथेत सहज खलनायिका होऊ शकली असती, कारण मुलीच्या प्रत्येक वाटेत ती आडवी येते. सुलभाताई तिला वाईट करत नाहीत, चांगलीही करत नाहीत. ही बाई स्वतः काय सोसून इथवर आली आहे आणि मुलीला त्यातून बाहेर काढायची तिची एकुलती एक पद्धत किती चुकीची आहे, हे दोन्ही त्या चेहऱ्यावर एकदम असतं. त्यांच्याकडे त्यासाठी वाक्यं फार नाहीत. घरातली कामं करता करता बोलणं आहे, आणि कामात लक्ष आहे. कॅमेऱ्यासमोर खऱ्या कामात लक्ष घालणं सगळ्यांना जमत नाही. पुष्कळ चांगले नट भांडं घासतानाही भांडं घासण्याचा अभिनय करतात.

मराठीत पुष्कळांना त्या आठवतात 'चौकट राजा'तल्या दुर्गा मावशीमुळे, म्हणजे नंदूच्या आईमुळे. 1991 चा, संजय सूरकर यांचा सिनेमा. दिलीप प्रभावळकरांचा नंदू सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि राहायलाच हवा. तुला मात्र गृहपाठ म्हणून सांगते, एकदा नंदूकडे न पाहता फक्त त्याच्या आईकडे पाहा. मतिमंद मुलाला वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बाईच्या अंगात एक प्रकारची सवय मुरलेली असते. दर वेळी मुलाकडे बघून तिचे डोळे भरून येत नाहीत, आले तर रोजचं घर चालणार नाही. तिला कंटाळा येतो, ती रागावते, हसते, पुढचं काम हातात घेते. सुलभाताई ती सवय दाखवतात, म्हणून समोरच्या नटाची भूमिका उभी राहायला जमीन मिळते. बाजूला उभं राहून दुसऱ्याचं काम चांगलं करणं ही नाटकातली फार अवघड विद्या आहे, आणि त्याला बक्षीस नसतं.

अगदी शेवटच्या काळातलं म्हणजे 2012 चा 'इंग्लिश विंग्लिश'. श्रीदेवीची सासू. हिंदी सिनेमातल्या सासवांची जी जात आहे तिच्यात ही बसत नाही. थोड्या वेळात ह्या घरात सुनेला समजून घेणारं एक माणूस आहे हे आपल्याला कळतं, तेही भाषण न ऐकता. तोवर त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

आता तू म्हणशील, तरी मुख्य भूमिका का नाहीत? दोन कारणं दिसतात, दोन्ही सरळ आहेत. एक, त्या काळच्या सिनेमात तिशी उलटलेल्या बाईसाठी मुख्य भूमिका लिहिल्याच जात नव्हत्या, समांतर सिनेमातही फारशा नाहीत. 'शांतता'चा सिनेमा आला तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. दुसरं, त्यांचा वेळ कुठे जात होता ते बघ. 'आविष्कार'च्या बालरंगभूमीचं काम 'चंद्रशाला' ह्या नावाने चालायचं. माधव साखरदांडे यांचं 'दुर्गा झाली गौरी' तिथलं. नाचगाण्याचं, ढिगाने मुलं असलेलं नाटक, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. एक तुकडी मोठी झाली की दुसरी. ज्याने कधी पंधरा मुलांचीही तालीम घेतलीये त्याला माहीत असतं की ह्यात संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. कोणाची परीक्षा, कोणाला ताप, कोणाची आई दारात उभी. तेंडुलकरांच्या बालनाट्यावरून त्यांनी 'राजा रानी को चाहिये पसीना' हा मुलांचा सिनेमाही दिग्दर्शित केला. म्हणजे कॅमेऱ्यामागे जायची संधी मिळाली तेव्हाही त्या मुलांकडेच गेल्या.

1987 च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. संस्थेचा एक खांब आणि घरातला जोडीदार एकदमच गेला. 'आविष्कार' तरी बंद पडली नाही. काकडेकाका आणि सुलभाताईंनी ती चालवली, छबिलदासचा हॉल सुटल्यावर माहीमच्या महापालिका शाळेत तालमी आणि प्रयोग सुरू राहिले, अरविंद देशपांडे यांच्या स्मरणार्थ दर वर्षी नाट्यमहोत्सव होत राहिला. त्याच 1987 सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. पुढे 2010 मध्ये तन्वीर सन्मान. 4 जून 2016 रोजी त्या गेल्या. पुरस्कारांबद्दल एवढं पुरे.

तुझा तिसरा प्रश्न, नोकरी सांभाळून जमतं का. जमतं, पण सुलभाताईंचं उदाहरण देऊन तुला कोणी भरीला घालत असेल तर दोन गोष्टी विचारात घे. प्रायोगिक नाटकावर तेव्हाही कोणाचं घर चाललं नाही. त्या पिढीतले बहुतेक जण बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत, आकाशवाणीवर होते. पगार ठरलेला, सुटायची वेळ ठरलेली, तालीम संध्याकाळी. आज खाजगी नोकरीत सुटायची वेळच ठरलेली नसते. तेव्हा नोकरी निवडतानाच संध्याकाळचा विचार कर, पगार चार पैशांनी कमी आला तरी. आणि दुसरं, त्यांच्या घरात दोघंही नाटकातले होते. रात्री उशिरा घरी आल्यावर कोणाला उत्तर द्यायचं नसणं, ही नटीसाठी किती मोठी सोय आहे हे तुला सांगायला नको. लग्नाची बोलणी चालू असतील तर हा विषय आधी काढ, साखरपुड्यानंतर नाही.

बेणारेसाठी शेवटचं, तालमीपुरतं. स्वगत आधी आठवडाभर बसून, कुजबुजत म्हण, समोर कोणी नसताना. मग उभं राहून, चौथीच्या वर्गाला धडा समजावून देतेयस असं म्हण, सगळंच्या सगळं, बेणारेला फसवणाऱ्या मामाचा भाग आणि प्रोफेसरचा भागसुद्धा. विचित्र वाटेल, वाटू दे. कुठे धडा शिकवणं अशक्य होतं आणि आवाज आपोआप बदलतो, त्या जागा पेन्सिलने मार्क कर. तीन-चारच निघतील. रडू आलं तर त्यातल्या एकाच जागी येऊ दे. बाकीच्यांना 'थिजणं' नीट बसवायला दिग्दर्शकाला सांग, कारण मागे मंडळींपैकी रोकडे पापणी हलवत असेल तर तुझं कोणी ऐकणार नाही. सामंत शेवटी तो हिरवा कापडी पोपट तुझ्याजवळ ठेवतो तेव्हा त्याच्याकडे बघू नकोस. आणि लेखकाच्या वारसांकडून प्रयोगाची लेखी परवानगी संस्थेने काढली आहे का ते आजच विचार. स्पर्धेच्या तोंडावर त्या कागदासाठी धावपळ करताना मी चांगल्या चांगल्या संस्थांच्या तालमी बुडलेल्या पाहिल्या आहेत.